आवक-जावक

हिरेवाडी, ता. हुक्केरी
१० मार्च २०२४

ती. गुंडूकाका,

साष्टांग नमस्कार घालायला बाबांनी सांगितलंय, तो घातला असं समजा. मी भाग्यलक्ष्मी, तुमच्या चुलतभावाची, नागनाथ गिरणीवाल्यांची मुलगी. तुम्ही मला शेवटचं पाहिलंत तेव्हा मी पाचवीत होते आणि तुमच्या चष्म्यावर बसले होते.

फोन केला की तुम्ही "मीटिंगमध्ये आहे" म्हणून ठेवता. बाबा म्हणाले, "अण्णा फोनवर बोलायचा नाही, त्याला लिही. त्याचं लिहिणं कोर्टाच्या कागदासारखं असतंय." म्हणून हा कागद.

काका, मला खगोलशास्त्र शिकायचंय. आमच्याकडे खगोलशास्त्र म्हटलं की लोक हात पुढे करतात आणि लग्न कधी जमेल विचारतात. अख्ख्या भावकीत खरा शास्त्रज्ञ एकच, तो म्हणजे तुम्ही. तुमचं एक पत्र आजीनं चौकट करून टीव्हीच्या वर लावलंय. वरती संस्थेचं नाव, खाली तुमची सही आणि कोपऱ्यात तो 'जा.क्र.' लिहून एक नंबर. आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, तो आमच्या गुंड्यानं शोधलेल्या ताऱ्याचा नंबर. प्रत्येक पत्रावर वेगळा नंबर असतो, त्यामुळे तिच्या हिशेबानं तुम्ही आजवर चाळीस-एक तारे शोधलेत.

बाबांनी मला बेळगावच्या प्रदर्शनातून दुर्बीण आणून दिलीय. गिरणीच्या गच्चीवरून मी शनीची कडी पाहिली. आधी काचेवरचं पीठ पुसावं लागलं, ती गोष्ट वेगळी. आई गेल्यापासून घर माझ्याकडे आहे आणि आजीला अर्धांग झाल्यापासून दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागते. मधल्या दोन तासांत मी अभ्यास करते. गणित बरं जमतं.

माझ्याकडे तीन कॉलेजांची माहितीपत्रकं आहेत. एकाच्या वर्षाच्या फीमध्ये आमची गिरणी मोटरीसकट येईल. मला चांगलं शिकवणारं, फी झेपणारं आणि मुलींचं वसतिगृह असलेलं कॉलेज हवं आहे. असं असतं का कुठे? बाबा म्हणतात, "अण्णानं हो म्हटलं की मी डोळे मिटून सही करतो." तेव्हा माझं सगळं तुमच्या एका शब्दावर आहे.

तुमची,
भाग्या

•

जा.क्र. ३/२०२४
बेंगळूर, दि. २२ मार्च २०२४

चि. भाग्यलक्ष्मी,

तुझे दि. १० चे पत्र दि. १६ रोजी मिळाले. उत्तरास सहा दिवस लागले, कारण चौकशी केल्याशिवाय लिहिणे मला जमत नाही. चष्म्याचे आठवते. अजून तोच वापरतो, एका बाजूने वाकडा आहे.

आमच्या इथे प्रियदर्शनी म्हणून एक बाई आहेत. ताऱ्यांमधल्या धुळीवर त्यांचे काम आहे. त्यांना तुझे पत्र दाखवले. त्या चहाचा कप हातात घेऊन माझ्यापाशी अर्धा तास उभ्या राहिल्या. त्यांनी सांगितले ते लिहितो.

पहिली पदवी खगोलशास्त्राच्या नावाची असलीच पाहिजे असा हट्ट धरू नये. आधी भौतिकशास्त्र आणि गणित पक्के करावे, आकाश नंतर येते. कॉलेजची इमारत पाहू नये. तिथले मास्तर स्वतः काही संशोधन करतात का, प्रयोगशाळेला दुपारी कुलूप असते का आणि मागच्या वर्षीची मुले पुढे कुठे गेली, हे विचारावे. ज्या कॉलेजला शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देताना खोकला येतो ते सोडावे. सरकारी कॉलेजची साधी बी.एस्सी. वाईट नाही. धारवाडला चांगली होते, फीही बेताची.

पण त्याहून वरचे एक आहे. बेंगळुरातल्या मोठ्या सरकारी विज्ञान संस्थेत चार वर्षांची पदवी आहे. फी इतकी कमी की मी शून्ये दोनदा तपासली. मुलींचे वसतिगृह आवारातच. फक्त प्रवेश परीक्षा अवघड. बाई म्हणाल्या, दोन तासांच्या फटीत अभ्यास करणारी मुलगी ती देऊ शकेल. अर्ज सोबत छापून पाठवत आहे. माझ्या घरापासून ती संस्था बसने पाऊण तास.

काकूंना, म्हणजे तुझ्या आजीला, म्हणावे तो नंबर ताऱ्याचा नव्हे. सवय आहे इतकेच.

गुंडूराव

•

हिरेवाडी
८ एप्रिल २०२४

ती. काका,

तुमचं पत्र मी मोठ्यानं वाचलं. आजीनं दोनदा वाचायला लावलं. नंबराचं सांगितलं तर म्हणाली, "मोठी माणसं अशीच असतात, सांगत नाहीत." तेव्हा तुम्ही शोधलेल्या ताऱ्यांत आणखी एकाची भर पडली.

अर्ज भरला. प्रियदर्शनी मॅडम तुमच्या हाताखाली असतात का? तुमच्यासमोर अर्धा तास उभ्या राहिल्या म्हणता, त्यांना खुर्ची तरी द्यायची!

त्या माहितीपत्रकांतलं एक सोबत पाठवते. हे इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पलीकडे कुठेसं आहे. कव्हरवर एक मुलगी आकाशाकडे बघत हसतेय आणि मागे पांढरा घुमट आहे. पदवीचं नाव थेट खगोलभौतिकी. परीक्षेत मी आपटले तर हे बघावं का? त्यांचा माणूस रोज फोन करतो, मला "मॅम" म्हणतो. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मॅम म्हटलं, म्हणून मी लगेच फोन ठेवत नाही.

बाबांनी बाजारात सगळ्यांना सांगून ठेवलंय की पोरगी बेंगळूरला अण्णाच्या ऑफिसात लागणार. काल दळण आणायला आलेल्या गोजराबाईंना म्हणाले, "पोरीला अडवणारा बाप मी नव्हं." मला भरून आलं. लोकांचे बाप बघितले की माझ्या बापाची किंमत कळते.

भाग्या

•

जा.क्र. ५/२०२४
बेंगळूर, दि. २२ एप्रिल २०२४

चि. भाग्यलक्ष्मी,

काल रविवार होता. तुझी काकू सरस्वतीबाई म्हणाली, चिकपेटला चला, पडद्याचे कापड घ्यायचे आहे. तिला इथल्यासारखे "सरी", म्हणजे बरे, म्हटले आणि दोन बस बदलून तुझ्या त्या घुमटाकडे गेलो.

घुमट आहे. मी मुलीचा काका आहे म्हटल्यावर मॅनेजरने कॉफी दिली. मी म्हटले, घुमट उघडून दाखवा. तो म्हणाला, सर, किल्ली दुसऱ्या साहेबांकडे आहे. खाली उतरलो आणि पहारेकऱ्याला कन्नडमध्ये विचारले. त्याने "स्वल्प इकडे या" म्हणून बाजूला घेतले आणि सांगितले, घुमटाखाली पाण्याची टाकी आहे, मागे एकदा फोटो काढायला रंग दिला होता. मागच्या वर्षीची मुले कुठे गेली असे मॅनेजरला विचारले. त्याला खोकला आला.

तेव्हा ते पत्रक आजीच्या औषधाच्या बाटलीखाली ठेवावे. परीक्षेवर लक्ष दे. मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका बाईंनी काढून दिल्या, त्या सोबत आहेत. तुला अडेल ते लिहून पाठव, मी बाईंकडून उत्तरे आणतो. त्या माझ्या हाताखाली नाहीत.

तू इथे आलीस की तुला एक गोष्ट सांगायची आहे. पत्रात लिहिण्याजोगी नाही. समोर बसून सांगेन, मग तुला काय वाटायचे ते वाटो. पण आधी तू ये. इतक्या वर्षांत मी कोणाच्या खऱ्या उपयोगाला पडलो असे मला आठवत नाही.

गुंडूराव

•

हिरेवाडी
१ जुलै २०२४

काका, काका, काका,

झाले!! तुमच्या बेंगळूरच्या त्या संस्थेत नंबर लागला. वसतिगृह मिळणार, वर शिष्यवृत्तीही मिळणार. अख्ख्या तालुक्यात मी एकटी आहे म्हणे. बाबांनी गिरणी बंद ठेवून पेढे वाटले. आजीनं चांगल्या हातानं माझा कान ओढला.

बारा तारखेच्या आत जागा पक्की करायची आहे, नाहीतर ती दुसऱ्याला जाते. कागदांवर बाबांची सही लागते. ती होईलच. पण बाबा चार लोकांसमोर म्हणाले, "एवढी मोठी गोष्ट आहे, अण्णाच्या हातचा कागद येऊ दे. त्याच्या शब्दाबाहेर आपण कधी गेलो नाही." तेव्हा काका, तुमच्या त्या कोर्टाच्या कागदावर "होय" एवढं लिहून बाबांच्या नावानं स्पीड पोस्टानं पाठवा. नंबर टाकायला विसरू नका, आजी वाट बघते.

बॅग भरायला घेतलीय. दुर्बीण आणू का? तुमच्या संस्थेत माझी दुर्बीण बघून सगळे हसतील. हसू देत.

तुमची आणि आता जवळजवळ बेंगळूरची,
भाग्या

•

जा.क्र. ९/२०२४
बेंगळूर, दि. ६ जुलै २०२४

चि. नागनाथ,

भाग्यलक्ष्मीच्या प्रवेशाबाबत माझे मत मागितले आहे. ते पुढीलप्रमाणे.

या क्षेत्रात सदतीस वर्षे काढल्यावर मी सांगतो की मुलीने यात पडू नये. शिक्षण दहा-बारा वर्षांचे. पुढे नोकरीची खात्री नाही. शहरातील वसतिगृहांचे वातावरण घरच्या मुलीस मानवणारे नाही. परीक्षा पास होणे निराळे आणि निभावणे निराळे. तिची बुद्धी मध्यम आहे. मी तिच्या शंका पाहिल्या आहेत, त्यावरून बोलतो.

निपाणीस बी.कॉम. करावे. रोज घरी येता येईल. काकूंची सेवाही होईल.

हे माझे अंतिम मत समजावे.

गुंडूराव

•

हिरेवाडी
१५ जुलै २०२४

काका,

बारा तारीख गेली.

तुमचं पत्र नऊला आलं. पोस्टमननं बाबांच्या हातात दिलं आणि मी वाचायला घेतलं, कारण तुमची पत्रं मीच वाचते. "बुद्धी मध्यम आहे" हे मी आजीसमोर मोठ्यानं वाचलं. तुम्ही एकदा कल्पना करा.

मी तुम्हाला अकरा फोन केले. चार दिवस रोज पोस्टात गेले, वाटलं तुमचं दुसरं पत्र येईल, पहिलं चुकून दुसऱ्याच कोणाला लिहिलेलं असेल. रविवारी दोन बस बदलून टाकीवरचा घुमट बघायला जाणारा माणूस असं लिहील कसा? माझ्या शंका तुम्ही मॅडमकडे नेत होतात. मग मॅडम मला मध्यम म्हणाल्या का? तेवढंच सांगा. त्या म्हणाल्या असतील तर मी मानते.

बाबा माझ्यापेक्षा जास्त रडले. माझे पाय धरायचे तेवढे राहिले. म्हणाले, "मी सही करतो गं, पण उद्या काही वाकडं झालं तर गाव म्हणेल, शास्त्रज्ञ भावानं सांगून ऐकलं नाही." त्या माणसाला तुम्ही कुठल्या कात्रीत धरलंत, काका. शेवटी मीच म्हटलं, राहू दे बाबा.

उत्तर द्या.

भाग्यलक्ष्मी

•

जा.क्र. १०/२०२४
बेंगळूर, दि. २४ जुलै २०२४

चि. भाग्यलक्ष्मी,

तुझे दि. १५ चे पत्र मिळाले. नोंद घेतली आहे.

गुंडूराव

•

हिरेवाडी
४ मे २०२५

ती. गुंडूकाका,

दहा महिने पत्र नाही, म्हणून रागावला नसाल अशी आशा आहे. मी मुळीच रागावलेली नाही. तुमच्या सल्ल्याप्रमाणे निपाणीला बी.कॉम. करते. माझं अक्षर बघून प्राचार्यांनी मला रोज दोन तास कॉलेजच्या ऑफिसात बसवलंय. वेणुगोपाल म्हणून तिथे जुने कारकून आहेत, ते मला काम शिकवतात. बाहेर जाणारा प्रत्येक कागद एका वहीत लिहायचा, आत येणारा दुसऱ्या वहीत. प्रत्येकाला नंबर, तारीख आणि शिक्का. वेणुगोपाल मामांना इतकी सवय झालीय की बायकोला सामानाची यादी देतानाही वर नंबर टाकतात. मी खूप हसले. खूपच.

आता मुद्द्याचं. तुम्ही ३१ मेला निवृत्त होताय असं बाबांकडून कळलं. गावच्या तरुण मंडळानं ठरवलंय की ८ जूनला, रविवारी, शाळेच्या पटांगणावर तुमचा सत्कार करायचा. "गावचे भूषण, थोर खगोलशास्त्रज्ञ." बॅनर छापायला गेलाय. मानपत्र मी लिहिणार आणि वाचणारही मीच. शाळेची मुलं तुम्हाला प्रश्न विचारतील. आजीला खुर्चीत बसवून आणणार आहोत, तिचा जीव त्यातच अडकलाय.

नाही म्हणू नका. तुमच्या शब्दाबाहेर आम्ही गेलो नाही, आता तुम्ही एकदा आमच्या शब्दाबाहेर जाऊ नका.

तुमची लाडकी,
भाग्या

•

जा.क्र. २/२०२५
बेंगळूर, दि. १४ मे २०२५

चि. भाग्यलक्ष्मी,

तुझे दि. ४ चे पत्र मिळाले. दोनदा वाचले. वेणुगोपाल यांच्याविषयी वाचून समजायचे ते समजलो.

सत्काराची आवश्यकता नव्हती. नागनाथला तसे फोनवर सांगितले, तो म्हणाला, "ये गप, लोक काय म्हणतील." सरस्वतीबाईने नवी साडी काढून ठेवली आहे. काकूंना एकदा डोळ्यांनी पाहावे असेही आहे.

तू बोलावलेस म्हणून येतो. तुझ्याकडे माझे देणे आहे. ते कसे वसूल करायचे हे ठरवण्याचा हक्क तुझा. एवढीच विनंती, काकूंना आणू नकोस.

गुंडूराव

•

हिरेवाडी
९ जून २०२५

श्री. गुंडूराव यांस,

काल तुम्ही जेवायला न थांबता गेलात. शाल खुर्चीवरच राहिली, ती पार्सलनं पाठवते. नारळ आम्ही फोडला.

आजीला आणू नकोस म्हणाला होतात. तिला मी पहिल्या रांगेत बसवलं, तुमच्या बरोबर समोर.

तुम्हाला वाटलं असेल मी मानपत्रात उघडं पाडीन, म्हणून पहिली दहा मिनिटं तुम्ही डोळे मिटून बसला होतात. मी मुद्दाम नुसती स्तुती वाचली. "ज्यांच्या प्रत्येक पत्रावर एक तारा आहे." तुमचे डोळे उघडले तेव्हा वाटलं, आता जरा मजा येईल. मग मुलांना सोडलं. सातवीतल्या विराटला प्रश्न मीच पाठ करून दिला होता. "सर, तुम्ही कुठला तारा शोधला?" तुम्ही माईक घेतलात, दिलात, परत घेतलात. मग मी म्हटलं, काका लाजतात, त्यांचं संशोधन मीच दाखवते. आणि तुमच्या हातात ती भेट दिली. जावकची कोरी वही, रबरी शिक्का आणि डिंकाची बाटली.

मी काय बोलले ते तुम्हाला पाठ असेल, तरी लिहिते, म्हणजे कागदावर राहील. "आमच्या काकांनी सदतीस वर्षं खऱ्या शास्त्रज्ञांच्या पाकिटांना तिकिटं चिकटवली. त्या चिकटपणाच्या जोरावर त्यांनी मला सांगितलं की माझी बुद्धी मध्यम आहे." तुमच्या संस्थेत मी फोन केला होता, जानेवारीत. डॉक्टर गुंडूराव हवेत म्हटलं. ती बाई म्हणाली, असं कोणी नाही, टपाल विभागात एक गुंडूराव आहेत, जोडू का?

पहिलं कोण हसलं ठाऊक आहे? गोजराबाई. मग सगळेच. सरस्वतीकाकू पदर तोंडाला लावून उठल्या, त्यांचं मला थोडं वाईट वाटलं. थोडंच. आजीनं रात्री चौकट काढायला लावली. आता तिथे खिळा आहे.

बाबा मान खाली घालून बसले होते, ती त्यांनी अजून वर केलेली नाही. काल जेवलेही नाहीत. तुमच्या एका कागदासाठी त्या देवमाणसानं लेकीचं भविष्य घालवलं आणि तो कागद एका टपाल कारकुनाचा निघाला. त्यांच्याकडे बघवत नाही. तुम्हाला मी एक वेळ विसरेन, पण माझ्या बापाला तुम्ही फसवलंत, ते मरेपर्यंत विसरणार नाही.

मला मध्यम म्हणायला तुमची लायकी काय होती?

उत्तर नको. नोंद घ्या.

भाग्यलक्ष्मी

•

बेंगळूर
१६ जून २०२५

चि. भाग्यलक्ष्मी,

या पत्रावर क्रमांक नाही. ३१ तारखेला वही दुसऱ्याकडे दिली. हे पत्र तुझ्या कॉलेजच्या पत्त्यावर पाठवत आहे. तुमच्या घरी टपाल आधी कोणाच्या हातात पडते ते तूच लिहिले होतेस.

मी शास्त्रज्ञ आहे असे मी कधी म्हटले नाही. नोकरी लागली तेव्हा आईने गावात सांगितले, गावाने मानले आणि मी नाही म्हटले नाही. माणसाला कोणी पाटावर बसवले की उठवत नाही. तू इथे आल्यावर समोर बसून हेच सांगणार होतो. सरस्वतीबाईला तसे सांगून ठेवले होते. तिने तुझ्यासाठी खोलीतली शिवणयंत्राची जागा मोकळी केली होती.

तू "मध्यम" म्हणालीस. प्रियदर्शनीबाईंनी तुझ्या शंकांवर पेन्सिलीने काय लिहिले होते ते आता पाठवतो. एका ठिकाणी लिहिले आहे, "ही मुलगी मला इथे हवी." तो कागद मी तेव्हा दाबून ठेवला आणि मध्यम हा शब्द माझ्या मनाचा लिहिला. त्याला क्षमा नाही, मी मागतही नाही. तुझी जागा आणि माझे नाव, दोन्ही एकाच वेळी वाचणार नव्हती. मी माझे नाव वाचवले. तेही अकरा महिनेच टिकले.

लोक हसले त्याचे मला फारसे काही नाही. काकू हसल्या नाहीत, माझ्याकडे बघत राहिल्या, त्याचे आहे. त्यांना आणू नकोस म्हणून मी हात जोडले होते. तू मुद्दाम आणलेस. तेव्हा म्हटले, ही मुलगी आता मोठी झाली, हिला सगळे कागद दाखवायला हरकत नाही.

कारकुनाची जन्माची खोड अशी की आलेले पत्र तो फाडत नाही. आलेल्या प्रत्येक पत्रावर मी आवक क्रमांक आणि तारीख टाकतो. तुझ्या सगळ्या पत्रांवर आहे. सोबतच्या पत्रावरही आहे. ते मी चुलीत घालणार होतो. सरस्वतीबाई म्हणाली, "पोरीचा बाप तरी राहू दे तिला." मीही तेच ठरवले होते, ८ जूनपर्यंत.

हे तुझ्या भल्यासाठी पाठवतो असे म्हणणार नाही. यंदाची प्रवेश परीक्षाही मागच्या महिन्यात होऊन गेली. तू माझ्याकडून होते ते घेतलेस. माझ्याकडे आणखी एवढेच होते.

पाकीट तुझ्याच डिंकाने चिकटवले आहे. चांगला आहे.

गुंडूराव

•

आवक क्र. ६/२०२४
मिळाले दि. ५ जुलै २०२४

हिरेवाडी
२ जुलै २०२४

अण्णा,

भाग्याचं पत्र तुला मिळालं असेल किंवा मिळेल. तिनं होय लिहून पाठव म्हटलंय. तू नाही लिही.

पोरगी परीक्षा पास होईल असं मला वाटलं नव्हतं. एवढ्या मोठ्या परीक्षेत गिरणीवाल्याची पोर कशाला पास होतेय, म्हणून मी हो हो म्हणत गेलो. दुर्बीण आणून दिली, गावात सांगितलं. आता पेढेपण वाटले. वाटले नसते तर लोकांनी काय म्हटलं असतं? आता मीच नाही म्हटलं तर माझं तोंड राहत नाही आणि पोरगी जन्मभर मला धरून बसेल. तुझ्या कागदानं नाही आलं तर कोणाचं काही बिघडत नाही.

ती गेली तर घर कोण बघणार तू सांग. आईची कूस कोण बदलणार? परक्या बाईला आई अंगाला हात लावू देत नाही. मी दिवसभर पिठात. चार वर्षं म्हणते, तिकडं गेलेली पोर परत येते का? तू आलास काय?

चांगलं खणखणीत लिही. शहराचं वातावरण, नोकरी नाही, असलं काहीतरी. तिची बुद्धी कमी पडेल असंपण लिही, म्हणजे ती परत हट्ट धरणार नाही, पोरगी मानी आहे. आठ-नऊ तारखेच्या आत इथं पोचलं पाहिजे.

तू नाही म्हणशील असं वाटत नाही. अठ्ठ्याण्णव साली गिरणीचा पट्टा घ्यायला चिकपेटला आलो होतो, तेव्हा न सांगता तुझ्या ऑफिसात आलो होतो, आठवतंय ना. तू स्टुलावर बसून तिकिटं चिकटवत होतास. परत येऊन मी गावात काय सांगितलं? अण्णाला भेटलो, केवढी मोठी केबिन. सव्वीस वर्षं तुझं झाकून ठेवलंय. माझ्या सख्ख्या आईला सांगितलं नाही. आता एकदा तू माझं झाक.

पोरगी तुझ्यावर चिडेल. चिडू दे, तू तिकडं लांब आहेस. मला रोज तिच्या हातची भाकरी खायची आहे.

नागनाथ